बाकाखाली साठवण करायची असेल, तर आधी बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघांचं कुटुंब, बाहेरची खोली 10 बाय 12 फुटांची. सोफा आणि जेवणाचं टेबल दोन्ही ठेवलं तर चालायला जागा उरत नाही. कपाटं भरून वाहताहेत, अंथरुणं खुर्चीवर रचलेली असतात. सुतार म्हणतो, तिन्ही भिंतींना बॉक्स मारून बाक करून घ्या, बसायचंही होईल आणि सामानही आत जाईल. करावं का?

मी गेली वीसेक वर्षं लहान घरांचं फर्निचर करतो आहे आणि असे बाक बरेच केले आहेत. माझं उत्तर असं की बाक जरूर करा, पण तीन भिंतींना नको, एकाच भिंतीला. आणि तो करताना सामानाचा विचार दुसऱ्या नंबरवर ठेवा. बसायला चांगला नसलेला बाक म्हणजे खोलीच्या मधोमध आडवं पाडलेलं कपाट. मग लोक खाली सतरंजीवर बसतात आणि बाकावर धुतलेले कपडे साठतात.

आधी तीन भिंतींचा हिशोब करू. बाक 20 इंच खोल धरला आणि 12 फुटांच्या दोन भिंती व 10 फुटांची एक भिंत व्यापली, तर 120 चौरस फुटांच्या खोलीतले सुमारे 51 चौरस फूट बाकाखाली जातात. मधे उरते ती साधारण पावणेसात फुटांची पट्टी, आणि त्यात टेबल ठेवायचंय. शिवाय दोन बाक जिथे मिळतात त्या कोपऱ्यात कुणीच बसत नाही, कारण दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात. कोपऱ्याखालची साठवणही आंधळी असते. ती वरूनच उघडावी लागते, आणि एकदा आत गेलेली वस्तू वर्षभर दिसत नाही. म्हणजे सगळ्यात महाग कोपरा बसायलाही नाही आणि ठेवायलाही नाही.

तुमची खरी अडचण जागा कमी असण्याची आहे, असं मला वाटत नाही. अंथरुणं रोज लागतात, म्हणून ती खुर्चीवर येऊन बसली आहेत. कपाटात त्यांना जागा केली, तरी ती काढायला दोन वस्तू बाजूला कराव्या लागत असतील तर पंधरा दिवसांत ती परत खुर्चीवर येतील. कुठल्याही घरात मी आधी एवढंच मोजतो, की वस्तू हातात यायला किती हालचाली लागतात. दार उघडलं आणि उचलली, या दोन झाल्या. टेबल सरकवलं, गादी काढली, झाकण उचललं, ते एका हाताने धरून ठेवलं, वरची पिशवी बाजूला केली आणि मग उचलली, या सहा झाल्या. सहा हालचालींच्या जागी रोजची वस्तू राहत नाही. तिथे वर्षातून दोन-चारदा लागणाऱ्या वस्तूच राहतात.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी एक सकाळ काढा आणि ज्यांना जागा नाही अशा सगळ्या वस्तू जमिनीवर मांडा. रोज लागणाऱ्या एकीकडे, आठवड्या-महिन्याला लागणाऱ्या दुसरीकडे, आणि वर्षातून कधीतरी लागणाऱ्या तिसरीकडे. प्रत्येक ढिगातल्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात उंच वस्तूचं माप घ्या. बाकाच्या आतली मापं यावरून ठरतात. आपण नेमकं उलटं करतो: खोका आधी बनवतो आणि मग त्यात काय मावतं ते बघतो.

आता बसण्याचं बघू. इथे चूक झाली तर पुढचं काहीच उपयोगाचं नाही.

बसायची उंची म्हणजे माणूस बसल्यावर, गादी दबल्यानंतरची उंची. ती 17 ते 18 इंच असावी. बहुतेक सुतार खोकाच 18 इंचांचा करतात, त्यावर 4 इंचांची गादी येते, आणि बैठक होते 21 इंचांची. पाय लोंबतात, मांडीखाली कड रुतते, दहा मिनिटांत माणूस उठतो. एका घरात आजीबाईंसाठी म्हणून हौसेने बाक केला होता. त्यांचे तळवे जमिनीला टेकत नव्हते, म्हणून त्या पायाखाली पाट घेऊन बसायच्या. ते बघून मला फार वाईट वाटलं. काम दुसऱ्याचं होतं, दुरुस्ती मी केली. खालची चौकट कापून खोका साडेतीन इंचांनी उतरवला. त्या पाट बाजूला सारून नीट बसल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

चांगल्या फोमची 4 इंची गादी माणूस बसल्यावर साधारण एक इंच दबते. म्हणजे लाकडी खोक्याची उंची 14 ते साडेचौदा इंच हवी. फोम घेताना डेन्सिटी विचारा. 40 डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन 40 किलो. रोजच्या बसण्याला 32 च्या खालचा घेऊ नका, तो लवकर खड्डा धरतो आणि तुमचं उंचीचं सगळं गणित बिघडतं.

खोली, म्हणजे पुढून मागे, किती हवी हे तुम्ही बाकावर काय करणार यावर ठरतं. फक्त जेवायला बसायचं असेल तर 16 ते 18 इंच पुरे. टेकून निवांत बसायचं असेल तर 20 ते 22 लागतात. तुम्हाला दोन्ही करायचंय, आणि कधीतरी कुणाला त्यावर झोपवायचंही असेल. अशा वेळी मी खोका 24 इंचांचा करतो आणि पाठीला 4 इंचांच्या सुट्या गाद्या देतो. मग बसायला 20 इंच मिळतात, आणि रात्री पाठीच्या गाद्या काढल्या की 24 इंच रुंद झोपायची जागा होते. एका माणसाला एका रात्रीपुरती ती चालते. लांबी सव्वासहा फुटांपेक्षा कमी नको, 7 फूट उत्तम. जेवायला बसताना मागे एक उशी घेतली की माणूस आपोआप पुढे येतो.

पाठ सरळ भिंतीला टेकलेली नको. 18 इंच उंचीच्या पाठीला वरून खाली तीनेक इंचांचा कल दिला की साधारण दहा अंशांचा कोन होतो, आणि शरीराला तो मानवतो. सुट्या गाद्या खालून जाड आणि वरून निमुळत्या शिवून घेतल्या तरी हेच साधतं, वेगळी लाकडी पाठ लागत नाही. खाली, पावलांपाशी, 3 इंच उंच आणि 3 इंच आत अशी खाच ठेवायला सांगा. उठताना आपण टाचा मागे घेतो. समोर सपाट फळी असेल तर टाचा अडतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते फार जाणवतं.

टेबलाचंही यातच आलं. टेबलाची उंची 29 ते 30 इंच असते, त्यामुळे बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत 11-12 इंच राहतात, ते बरोबर आहे. मात्र खुर्ची पुढे ओढता येते, बाक येत नाही. म्हणून टेबलाची कड बाकाच्या कडेवर दोन-तीन इंच आली पाहिजे, नाहीतर प्रत्येक घासाला वाकावं लागेल. टेबल अशा प्रकारे आत आलं की चार कोपऱ्यांचे चार पाय अडचण करतात, सरकून आत बसता येत नाही. मधे एकच खांब असलेलं किंवा चाकांवर सरकणारं टेबल घ्या. एका माणसाला 24 इंच रुंदी धरा. 7 फुटांच्या बाकावर तिघं ऐसपैस बसतात, चौथं माणूस समोर स्टुलावर.

आता साठवण. 7 फूट लांब, 2 फूट खोल आणि 14 इंच उंच असा खोका बाहेरून मोजला तर 16 घनफुटांच्या वर भरतो. आतून मोजा. खालचे 3 इंच खाचेत गेले, पाऊण इंच तळाची फळी, पाऊण इंच वरची. आतली उंची उरली साडेनऊ इंच. उभ्या फळ्या आणि मागची-पुढची जाडी वजा केली की हातात येतात साधारण 10 घनफूट, म्हणजे 280 लिटरच्या आसपास. मध्यम आकाराच्या फ्रिजइतकी जागा झाली, ती काही कमी नाही. पण साडेनऊ इंच ही उंची डोक्यात पक्की ठेवा. जाड रजई तीन घड्या घालून मावते, उभी बादली मावत नाही. मोठी सूटकेस आडवी टाकली तर कधी बसते, कधी अर्ध्या इंचाने अडते. सकाळी घेतलेली मापं इथे कामाला येतात.

झाकण करायचं की ड्रॉवर, हे बाकासमोर काय आहे यावर ठरतं. ड्रॉवर 20 इंच बाहेर येणार, त्यापुढे माणसाला वाकायला आणखी 18-20 इंच हवेत, म्हणजे समोर 40 इंच मोकळी जमीन पाहिजे. जिथे टेबल कायम उभं राहणार तिथे ड्रॉवरचा उपयोग नाही. जिथे समोर मोकळं आहे तिथे मात्र ड्रॉवरच करा. गादी काढायची नाही, बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, दोन हालचालींत वस्तू हातात. तुमची रोजची अंथरुणं इथे जायला हवीत. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जातो, तो मापात धरायला विसरू नका. चॅनल घेताना ते किती किलोचं आहे हे विचारा. ओढताना ड्रॉवर खाली झुकायला लागला तर समजायचं की हलकं चॅनल बसवलंय.

उरलेल्या भागाला वरून झाकण. सलग 7 फुटांचं एकच झाकण कधीही करू नका. 18 मिलिमीटरच्या प्लायचं तसं झाकण 11-12 किलोंचं होतं, आणि त्यावर गादीचं वजन वेगळं. तेच 28 इंचांचे तीन भाग केले तर एकेक चार किलोंच्या आसपास येतं आणि एका हाताने उचलतं. एक माणूस बाकावर बसलेला असताना शेजारचं झाकण उघडता येतं, हा फायदा वापरायला लागल्यावर कळतो. मागे, भिंतीकडे, 5 इंचांची पट्टी पक्की ठेवा आणि बिजागऱ्या तिला लावा. पाठीच्या गाद्या त्या पट्टीवर उभ्या राहतात, झाकण उघडताना त्या हलवाव्या लागत नाहीत. बसायची गादीही तीन तुकड्यांत करा आणि वेल्क्रोने झाकणाला चिकटवा, म्हणजे झाकणाबरोबर गादीही उठते. आधीच्या सहा हालचालींच्या तीनच होतात.

आत, साधारण दर 24-28 इंचांवर उभी फळी येईल असं बघा. वर माणसं बसणार आहेत. यापेक्षा लांब अंतर ठेवलं तर 18 मिलिमीटरचा प्लायसुद्धा वर्ष-दोन वर्षांत झोळ धरतो, आणि मग झाकणाची कड कुरकुरायला लागते.

घरात लहान मुलं असतील तर आता सांगतो त्यात तडजोड नको. झाकणाला सावकाश मिटणारा आधार हवा. झाकणाच्या वजनाला जुळेल असाच गॅसचा पंप घ्या, कारण तो जास्त ताकदीचा असेल तर झाकण मिटत नाही आणि कमी ताकदीचा असेल तर ते धाडकन पडतं. पंप वर्षांनी सैल होतात, अधूनमधून तपासा आणि बदला. पुढच्या कडेला बोट मावेल इतकी, अर्ध्या इंचाची फट ठेवा. बाहेरून अडकणारी कडी किंवा कुलूप अजिबात नको. मूल लपायला आत शिरतं. त्याला आतून झाकण ढकलता आलं पाहिजे आणि हवा मिळाली पाहिजे, म्हणून पुढच्या फळीला इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या.

खिडकीखाली बाक करायचा विचार बहुतेकांचा असतो, आणि उजेडात बसायला ती जागा छानच. पण खिडकीचा कठडा जमिनीपासून 3 फूट असेल, तर बाकावर उभ्या राहिलेल्या मुलासाठी तो दीड फूटच उरतो. आधी मजबूत गज किंवा ग्रिल, मगच बाक. हा क्रम मी कुणाच्याही आग्रहाखातर बदलत नाही.

ओलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बंद खोक्यातलं नुकसान दिसतं तोवर उशीर झालेला असतो. भिंत बाहेरची असेल तर आधी एक सोपी परीक्षा करा. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. ती दुरुस्त होईपर्यंत बाकाचं काम काढू नका. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, खेळती हवा ठेवून भागतं. भिंत कोरडी असली तरी खोका तिला चिकटवून बसवू नका. मागे इंचभर फट ठेवा. पुढे भोकं खाली आणि मागच्या फळीला वर, म्हणजे हवा आतून फिरते. एका घरात या भोकांना नको म्हटलं होतं, पुढची बाजू गुळगुळीत दिसावी म्हणून. पहिल्याच पावसाळ्यानंतर झाकण उचललं तर दुलईवर करडे ठिपके पडले होते आणि वास सगळ्या खोलीत पसरला. भोकं मग पाडलीच, पण दुलई गेली.

फरशी पुसताना पाणी लागतं ते सगळ्यात खालच्या पट्टीला. ती प्लायची किंवा पार्टिकल बोर्डची केली तर फुगते. खाली पीव्हीसीचे पाय द्या, किंवा फरशीचीच पट्टी लावा. वरच्या खोक्याला पाण्याला टिकणारा प्लाय घ्या आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या, आतल्या बाजूच्यासुद्धा. सुतार दिसणाऱ्या कडा नीट करतात आणि आतल्या तशाच सोडतात. ओल आणि कीड दोन्ही तिथूनच शिरतात.

भिंतीवरचे विजेचे पॉइंट, पाण्याचे कॉक बाकामागे जात असतील तर ते आधी वर घ्या, किंवा तिथे सुटी निघणारी फळी ठेवा. काम सुरू होण्याआधी भिंतीचे फोटो काढून ठेवा, पट्टी शेजारी धरून. चार वर्षांनी कुणी खिळा ठोकायला आलं की त्यांचा उपयोग होतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. घर भाड्याचं असेल तर भिंतीला पक्कं काहीच करू नका. 28 इंचांचे तीन सुटे खोके करा आणि आतून बोल्टने जोडा. खरं सांगायचं तर स्वतःच्या घरातही मी आता हेच करतो. 7 फुटांचा एकसंध खोका जिन्याच्या वळणावर अडकतो, आणि उद्या खोलीची मांडणी बदलावीशी वाटली तर तीन खोके तीन ठिकाणी जातात. भिंती कधीच काटकोनात नसतात, त्यामुळे भिंतीची लांबी खाली, मधे आणि वर अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी माप धरा. कडेची उरलेली फट पट्टीने झाकता येते. जास्त झालेला खोका मात्र तासून बसवावा लागतो.

घरात गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल तर बैठक 18 ते 19 इंच ठेवा आणि एका टोकाला हात टेकून उठता येईल असा कठडा द्या. झाकणाखालची साठवण त्या व्यक्तीसाठी नाहीच असं समजा, तिच्या वस्तू गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत कपाटात ठेवा.

हे सगळं कागदावर पटलं तरी लगेच काम देऊ नका. खिडकीच्या भिंतीलगत 7 फूट बाय 2 फुटांचा चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखा. घरातल्या गाद्या रचून साडेसतरा इंचांची उंची करा, टेबल पुढे ओढा आणि आठवडाभर तिथेच जेवा, बसा, पेपर वाचा. दारातून आत येताना पट्टीवर पाय पडतो का, टेबलाच्या पलीकडून जायला किमान 24 इंच, शक्यतो 30, मिळतात का, ते बघा. मी हे सांगितलेल्या घरांपैकी बऱ्याच जणांनी आठवड्यानंतर लांबी किंवा जागा बदलून घेतली आहे. चिकटपट्टी काढायला मिनिटभर लागतं.

मापं जमली तर दाराकडच्या टोकाला, जिथे समोर मोकळं आहे, एक ड्रॉवर अंथरुणांसाठी करा आणि टेबलामागच्या दोन खोक्यांना झाकणं. बाकीच्या दोन भिंती सहा महिने तशाच मोकळ्या ठेवा. तेवढ्यात तिसऱ्या ढिगातलं काय उरलं आणि त्याला अजून जागा लागते का, ते कळेल. लागलीच, तर पुढचं काम जमिनीवर न करता दारावरच्या मोकळ्या भिंतीवर 12 इंच खोलीच्या फळीने करा.